कारखान्याच्या दाराशी अडवलेला डॉक्टर

लघवीतून रक्त जाते, पण दुखत काहीच नाही, अशी तक्रार घेऊन पन्नाशी-साठीचा माणूस समोर आला की दोन प्रश्न विचारायचे, असे वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवलेले असते. विडी-सिगारेट ओढता का, हा पहिला. आयुष्यभर काम काय केले, हा दुसरा. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या कारणांमध्ये रंगकारखान्यांचा उल्लेख आता कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतो. विद्यार्थी ती ओळ पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. त्या ओळीतले रसायन कर्करोग करते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगाने दाखवून देणारा डॉक्टर कोण होता आणि त्याबद्दल त्याच्या पदरात काय पडले, हे मात्र पाठ्यपुस्तकात नसते. त्याचे नाव विल्हेल्म ह्यूपर.

ह्यूपर यांचा जन्म १८९४ मध्ये उत्तर जर्मनीतल्या श्वेरीन गावी झाला. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात होते. युद्ध संपल्यावर १९२० मध्ये कील विद्यापीठातून डॉक्टर झाले आणि १९२३ मध्ये अमेरिकेला गेले. युद्ध हरलेल्या, महागाईने होरपळलेल्या जर्मनीतून त्या काळी अनेक शिकलेली माणसे अशीच बाहेर पडत होती. शिकागोत काही वर्षे पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करून १९३० च्या सुमारास ते फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कर्करोग प्रयोगशाळेत आले. या प्रयोगशाळेला पैसा पुरवणाऱ्यांत एक मोठे नाव होते इरेने ड्यूपॉन्ट यांचे. ड्यूपॉन्ट ही जवळच्याच डेलावेअर राज्यातली बलाढ्य रसायन कंपनी आणि इरेने हे तिच्या मालक घराण्यातले.

ड्यूपॉन्टचा एक मोठा रंगकारखाना डेलावेअर नदीच्या काठी, न्यू जर्सीतल्या डीपवॉटर इथे होता. चेंबर्स वर्क्स हे त्याचे नाव. महायुद्धापूर्वी जगाला कृत्रिम रंग पुरवायचे ते जर्मनीने. युद्धात तो पुरवठा थांबला आणि अमेरिकन कंपन्यांनी स्वतः रंग बनवायला घेतले. दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणारी बीटा-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन ही दोन रसायने त्या धंद्याचा पाया होती. तंत्र जर्मनीकडून आले, आणि त्याबरोबर जर्मनीला माहीत असलेले दुखणेही आले. फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच फुक्सिन नावाचा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांमधल्या मूत्राशयाच्या गाठींचे रुग्ण जाहीर केले होते. कारखान्यातल्या पंचेचाळीस कामगारांपैकी तिघांना हा विरळा आजार होता. पुढे स्वित्झर्लंडमध्ये आणि जर्मनीत आणखी रुग्ण सापडत गेले. १९२१ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने या दोन्ही रसायनांचे नाव घेऊन इशारा दिला. म्हणजे ड्यूपॉन्टचा कारखाना नवा होता तेव्हाच धोका छापील कागदावर होता.

ह्यूपर यांनी हे जर्मन साहित्य वाचलेले होते. डीपवॉटरला कोणती रसायने बनतात हे कळल्यावर त्यांनी इरेने ड्यूपॉन्ट यांना पत्र लिहून कळवले, की तुमच्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होण्याची भीती आहे. कंपनीकडून उत्तर आले की आमच्याकडे असे काही नाही. काही महिन्यांनी सूर बदलला. कंपनीच्या डॉक्टरांना स्वतःच रुग्ण सापडू लागले होते आणि आकडा विसाच्या वर गेला होता.

यात नवल वाटण्यासारखे काही नाही. या रसायनांशी पहिला संबंध आल्यापासून गाठ दिसेपर्यंत पंधरा-वीस वर्षे सहज जातात, कधी त्याहून जास्त. कारखाना सुरू झाला १९१७ च्या आसपास, म्हणजे पहिले रुग्ण तिशीच्या दशकात दिसणार हे गणित सरळ होते. व्यावसायिक कर्करोगाची सगळी गोम या मधल्या काळात आहे. कामगाराला त्रास होत नाही, मालकाला पुरावा दिसत नाही, सरकारला घाई वाटत नाही. दिसायला लागते तेव्हा विष देऊन झालेले असते आणि पुढच्या दोन दशकांचे रुग्णही ठरून गेलेले असतात.

पुढचे सांगण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ह्यूपर यांच्यावर लिहिताना पुष्कळजण ती गाळतात. १९३३ मध्ये नोकरीच्या शोधात ते जर्मनीला परत गेले. हिटलर नुकताच सत्तेवर आला होता. जागा मिळावी म्हणून ह्यूपर यांनी नाझी मंत्री बर्नहार्ड रुस्ट यांना पत्र लिहिले आणि शेवटी हिटलरचा जयजयकार करून सही केली. नोकरी मिळाली नाही, ते अमेरिकेला परतले. धीट माणसाच्या चरित्रात असे पान नको वाटते, पण ते आहे. पुढे त्यांच्या विरोधकांनी त्यांना कधी नाझी तर कधी कम्युनिस्ट ठरवले. दोन्ही आरोपांचा हेतू त्यांचे कर्करोगावरचे म्हणणे बाजूला सारण्याचा होता, हे खरे. तरी ते पत्र त्यांनीच लिहिले होते, हेही तितकेच खरे.

इकडे ड्यूपॉन्टने विषशास्त्राची स्वतःची प्रयोगशाळा उभारायचे ठरवले होते. हॅस्केल प्रयोगशाळा या नावाने ती १९३५ मध्ये सुरू झाली. ह्यूपर यांना १९३४ मध्ये तिथे नेमले गेले. ज्याने पत्र लिहून इशारा दिला त्यालाच कंपनीने जागा दिली, ही गोष्ट वरवर मोठ्या मनाची वाटते. काही अंशी ती तशी असेलही. रुग्ण वाढत होते आणि नेमके कोणते रसायन दोषी आहे हे कंपनीलाही जाणून घ्यायचे होते.

कारण तोवर प्राण्यांमध्ये हा कर्करोग निर्माण करता आलेला नव्हता. उंदीर, ससे यांना रसायन देऊन पाहिले तरी मूत्राशयात गाठ येत नसे, आणि गाठ येत नाही म्हणजे रसायन निर्दोष, असा युक्तिवाद करायला जागा राहत असे. ह्यूपर यांनी कुत्र्यांची निवड केली. कुत्र्याचे मूत्राशय मोठे असते, त्यात दुर्बीण घालून आत वेळोवेळी पाहता येते. कुत्री दीर्घकाळ जगतात, त्यामुळे सावकाश होणारा परिणाम दिसायला अवसर मिळतो. त्यांनी कुत्र्यांच्या माद्यांना रोज बीटा-नॅफ्थिलअमाइन दिले आणि वाट पाहिली. वर्ष गेले, दुसरे उलटू लागले, आणि एकामागून एक कुत्र्यांच्या मूत्राशयात गाठी दिसू लागल्या. माणसात दिसतात तशाच. हा शोधनिबंध १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला.

कुत्र्यालाच का आणि उंदराला का नाही, याचा उलगडा बऱ्याच नंतर झाला. हे रसायन आहे त्या रूपात फारसे काही करत नाही. यकृतात त्याच्यावर प्रक्रिया होते, त्यातून तयार झालेले पदार्थ लघवीत उतरतात आणि मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. तिथल्या आम्लात त्यांचे बांधलेले टोक सुटते आणि मोकळा झालेला घातक भाग अस्तराच्या पेशींमधल्या डीएनएला चिकटतो. शरीरात या रसायनाची धार बोथट करणारी दुसरी एक वाटही असते. कुत्र्यात ती जवळजवळ नसतेच. माणसांमध्ये काहींची ही वाट वेगवान असते, काहींची संथ. क्षयरोगाचे आयसोनियाझिड हे औषध काहींच्या शरीरातून लवकर जाते, काहींच्या उशिरा, त्यामागे हाच फरक असतो. संथ वाटेच्या माणसाने रंगकारखान्यात काम केले तर त्याचा धोका अधिक. ह्यूपर यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. प्राणी मात्र त्यांनी अचूक निवडला होता.

प्रयोग चालू असताना एक दिवस त्यांनी कारखान्यात हे रसायन बनते कसे ते पाहायची इच्छा व्यक्त केली. प्रयोगशाळेत पिंजऱ्यातल्या कुत्र्याला किती मिलिग्रॅम जाते हे माहीत होते, कामगाराच्या अंगात किती जाते याची कल्पना नव्हती. परवानगी मिळाली. व्यवस्थापक आणि इतर साहेब मंडळी त्यांना घेऊन फिरली. इमारत आश्चर्य वाटावे इतकी स्वच्छ होती आणि काम जवळजवळ बंदच दिसत होते. ह्यूपर चालता चालता मुद्दाम मागे रेंगाळले आणि एकट्या उभ्या मुकादमाकडे वळून त्यांनी जागेच्या टापटिपीचे कौतुक केले. मुकादमाने सरळ सांगून टाकले, की डॉक्टरसाहेब येणार म्हणून काल रात्रभर सगळे धुऊन काढले आहे.

ह्यूपर यांनी पुढे गेलेल्या मंडळींना गाठले आणि आता बेन्झिडीनचा विभाग पाहायचा आहे, असा आग्रह धरला. तो कार्यक्रमात नव्हता, म्हणून तिथे रात्री कोणी झाडू मारला नव्हता. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर दाराशी, माल चढवण्याच्या ओट्यावर, खिडक्यांच्या कट्ट्यांवर, रस्त्यावरसुद्धा पांढरी पूड पसरलेली दिसली. ती बेन्झिडीनची होती. भेट तिथेच संपली. परतल्यावर त्यांनी जे पाहिले ते इरेने ड्यूपॉन्ट यांना लिहून कळवले. उत्तर आले नाही. त्या दोन्ही विभागांत त्यांना पुन्हा कधी पाऊल टाकू दिले गेले नाही.

१९३७ मध्ये त्यांना नोकरीवरून काढण्यात आले. कुत्र्यांवरचा निबंध छापला गेला, पण तिथे केलेले इतर काम प्रसिद्ध करण्यास कंपनीने मज्जाव केला आणि कायदेशीर कारवाईची धमकी दिली. जिथे पगार तिथलेच संशोधन, आणि संशोधनाची मालकी पगार देणाऱ्याची, हा करार त्यांनी नोकरी स्वीकारताना स्वीकारलाच होता. खासगी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला तो मान्य करावा लागतो. एखादे रसायन माणसे मारते ही माहितीही त्या करारात बसते का, हा प्रश्न तेव्हा कायद्यापुढे कोणी ठेवला नाही.

पुढची दहा वर्षे ते न्यूयॉर्कमध्ये एका औषध कंपनीच्या संशोधन संस्थेत होते. तिथे असताना त्यांनी आयुष्यातले मोठे काम केले. १९४२ मध्ये व्यवसायातून होणाऱ्या गाठींवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. डांबर, काजळी, ॲस्बेस्टॉस, क्रोमेट, निकेल, आर्सेनिक, क्ष-किरण, किरणोत्सारी धातू, जगभर विखुरलेले रुग्ण आणि निबंध त्यांनी एका ठिकाणी आणले. या विषयावर इतका सर्वंकष ग्रंथ तोवर नव्हता. ग्रंथ त्यांनी अर्पण केला तो इतरांचे जीवन सुखकर करणाऱ्या वस्तू बनवता बनवता आजारी पडून मेलेल्या माणसांच्या स्मृतीला. रसायनांमुळे जगणे सुखकर होते, अशा अर्थाचे ड्यूपॉन्टचे जाहिरातवाक्य त्या काळी अमेरिकेत घरोघरी माहीत होते. टोमणा कोणाला आहे हे वाचकाला सांगावे लागत नव्हते.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने पर्यावरणीय कर्करोगाचा नवा विभाग काढला आणि त्याचे पहिले प्रमुख म्हणून ह्यूपर यांना बोलावले. आता मालक कंपनी नव्हती, सरकार होते. वय चोपन्न. इथे तरी मोकळेपणाने काम करता येईल असे त्यांना वाटले असल्यास चूक नाही.

पहिली ठिणगी युरेनियमवरून पडली. अणुबॉम्बसाठी कोलोरॅडोच्या पठारावर खाणी जोरात चालू होत्या. खाणकामगारांमध्ये नवाहो आदिवासी बरेच होते. खाणींमध्ये धड वायुवीजन नव्हते आणि खडकातून निघणारा रेडॉन वायू आत कोंडत होता. ह्यूपर यांना यात जुनी ओळख दिसली. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांना होणारा छातीचा आजार म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग आहे, हे हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी १८७९ मध्येच दाखवले होते. पुढे त्याचा संबंध तिथल्या किरणोत्सारी हवेशी जोडला गेला होता. कोलोरॅडोतही हेच होणार, असे ह्यूपर म्हणू लागले. १९५२ मध्ये कोलोरॅडोच्या डॉक्टरांच्या संघटनेने त्यांना भाषणाला बोलावले. सरकारी नोकर म्हणून त्यांनी भाषणाचा मसुदा मंजुरीला पाठवला. युरेनियमच्या खाणी आणि कर्करोग यांचा उल्लेख काढा, असा आदेश आला. अणुऊर्जा आयोगाला तो नको होता. खोटे बोलण्यासाठी आपण सरकारी नोकरीत आलेलो नाही, अशा आशयाचे उत्तर देऊन ह्यूपर यांनी भाषणच रद्द केले आणि मसुद्याची प्रत संघटनेच्या अध्यक्षांना पाठवून दिली. आयोगाच्या वैद्यकीय विभागाकडून त्यांना काढून टाकण्याची मागणी झाली. नोकरी वाचली, पण संशोधनासाठी मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला जायचे नाही, असे बंधन आले. खाणी सगळ्या पश्चिमेलाच होत्या.

त्याच सुमारास ते क्रोमेट कारखान्यांतल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचा माग काढत होते. हा धोकाही जर्मनीत आधीच नोंदला गेला होता. कारखानदार नाराज झाले, तक्रारी वर पोचल्या. १९५२ मध्येच वरून फर्मान निघाले, की ह्यूपर यांनी कामगारांमध्ये जाऊन करण्याचे संशोधन थांबवावे, कारखान्यांशी आणि राज्यांच्या आरोग्य खात्यांशी परस्पर संपर्क ठेवू नये. प्रयोगशाळेत प्राण्यांवर हवे ते प्रयोग करावेत.

या फर्मानाचा परिणाम नीट पाहिला पाहिजे. त्यात कोणाला तुरुंगात टाकलेले नाही, कोणाचे पुस्तक जाळलेले नाही. प्रमुखाची खुर्ची, पगार, प्रयोगशाळा सगळे कायम आहे. फक्त कामगार आणि डॉक्टर यांची भेट होणार नाही एवढी तजवीज आहे. एखाद्या रसायनावर बंदी घालायची की नाही असा प्रश्न सरकारपुढे आला की कारखानदारांचा पहिला सवाल असतो, माणसांमध्ये पुरावा कुठे आहे? तो गोळा करणाऱ्यालाच दाराशी अडवले की पुरावा नसतो, आणि नाही हे प्रामाणिकपणे सांगताही येते. ड्यूपॉन्टच्या आवारात एका कंपनीने जे केले होते, तेच आता सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने केले. खाणकामगारांवर सरकारी आरोग्य सेवेने वेगळा अभ्यास सुरू ठेवला होता, पण खाणमालकांनी आत येऊ द्यावे म्हणून कामगारांना धोक्याची कल्पना द्यायची नाही, हे डॉक्टरांनी मान्य केले होते. या खाणींतल्या रेडॉनवर केंद्र सरकारने मर्यादा घालायला १९६७ साल उजाडले. फुप्फुसाच्या कर्करोगाने खंगलेल्या खाणकामगारांना भरपाई देणारा कायदा १९९० मध्ये झाला, तोवर भरपाई घ्यायला त्यांच्यातले अनेकजण उरले नव्हते.

प्राण्यांवर काम करा, असे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात घेतली नव्हती. ह्यूपर यांचा मोर्चा आता अन्नातल्या रसायनांकडे वळला. लोणी पिवळे दिसावे, मिठाई लाल दिसावी म्हणून डांबरापासूनचेच रंग खाण्यात घातले जात होते, आणि त्यांची कुळी रंगकारखान्यातल्या रसायनांशी जुळत होती. १९५६ मध्ये रोमला कर्करोगतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्राण्यात कर्करोग करणारा पदार्थ अन्नात मिसळू नये, असे मत तिथे मांडले गेले आणि त्यामागे ह्यूपर यांचा जोर होता. अमेरिकेत न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य जेम्स डिलेनी याच मागणीसाठी झगडत होते. १९५८ च्या अन्नविषयक कायद्यात त्यांनी एक कलम घालून घेतले, की माणसात किंवा प्राण्यात कर्करोग करणारे कोणतेही द्रव्य, मात्रा कितीही कमी असो, अन्नात घालायला परवानगी मिळणार नाही. पुढच्याच वर्षी क्रॅनबेरीच्या पिकात तणनाशकाचा अंश सापडला आणि ऐन सणाच्या तोंडावर, नोव्हेंबरमध्ये, सरकारने लोकांना सावध केले. शेतमालाच्या आणि रसायनांच्या व्यापाऱ्यांनी मोठा गदारोळ केला. या कलमावर उद्योगांचा राग पुढे कायम राहिला आणि १९९६ मध्ये कीटकनाशकांचे अंश त्याच्या कक्षेतून काढण्यात आले.

याच काळात कीटकनाशकांवर पुस्तक लिहिणाऱ्या रेचल कार्सन त्यांच्याकडे येत-जात होत्या. १९६२ मध्ये निघालेल्या ‘सायलेंट स्प्रिंग’मधले कर्करोगावरचे प्रकरण ह्यूपर यांच्या कामावर बरेच उभे आहे. पुस्तक निघाले तेव्हा कार्सन स्वतः स्तनाच्या कर्करोगाने आजारी होत्या आणि ते त्यांनी जगापासून लपवून ठेवले होते, कारण कळले असते तर विरोधकांनी आजारी बाईचा राग म्हणून पुस्तक उडवून लावले असते. १९६४ मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी ह्यूपर निवृत्त झाले.

त्यांच्या बाबतीत एक मोठी चूक नोंदवणे भाग आहे. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे १९५० पासून ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत स्पष्ट होत गेले. ह्यूपर यांना ते पटले नाही. सगळे खापर सिगारेटवर फुटले की कारखाने, डांबर, धूर, ॲस्बेस्टॉस यांच्याकडे कोणी पाहणार नाही, ही त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती. कामगार सिगारेट ओढत होता, असे म्हणून हात झटकणारे कारखानदार तेव्हाही होते, आताही आहेत. पण भीती खरी असली म्हणून निष्कर्ष बरोबर ठरत नाही. सिगारेटचा पुरावा भक्कम होता आणि त्यांच्यासारख्या माणसाने तो नाकारायला नको होता. तंबाखू कंपन्यांनी त्यांच्या लेखनाचा हवाला आनंदाने दिला. जन्मभर एका उद्योगाशी झगडलेला शास्त्रज्ञ दुसऱ्या उद्योगाच्या उपयोगी पडला, आणि तेही कोणाचा पैसा न घेता. सिगारेटच्या धुरात इतर विषांबरोबर बीटा-नॅफ्थिलअमाइनचाही अंश असतो, हे पुढे सिद्ध झाले.

त्या रसायनाचे पुढे काय झाले? ब्रिटनमध्ये त्याचे उत्पादन १९४९ मध्ये थांबले. रॉबर्ट केस यांनी १९५४ मध्ये ब्रिटिश रंगकामगारांच्या मृत्यूंचा पद्धतशीर हिशेब मांडला आणि शंका घ्यायला जागा उरली नाही. ड्यूपॉन्टने ते १९५५ मध्ये बंद केले, म्हणजे ह्यूपर यांच्या कुत्र्यांनंतर सतरा वर्षांनी आणि जिनिव्हाच्या इशाऱ्यानंतर चौतीस वर्षांनी. बेन्झिडीन आणखी बारा वर्षे चालू राहिले. दोन्हींवर अमेरिकन सरकारचे कडक नियम आले ते १९७४ मध्ये, त्याआधी चार वर्षांपूर्वी कामगारांच्या सुरक्षिततेचा केंद्रीय कायदा झाला म्हणून. एकट्या चेंबर्स वर्क्समध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्ण नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत चारशेच्या वर गेले होते. १९३८ नंतर कामावर लागलेला माणूसही त्या यादीत आहे, आणि त्याला कोणी काही सांगितले होते का, एवढाच प्रश्न उरतो.

बेन्झिडीनवर आधारलेल्या रंगांना भारतात बंदी आली ती १९९० च्या दशकात. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांचे कापड नाकारायला सुरुवात केल्यावर इथले निर्यातदार जागे झाले, हेही त्यामागे होते. डोंबिवली-अंबरनाथपासून गुजरातपर्यंतच्या पट्ट्यात रंग आणि त्यांची कच्ची रसायने बनवणारे छोटे-मोठे कारखाने अनेक दशके चालत आले आहेत. तिथे त्या काळात पूड हाताळलेल्या, आता साठी-सत्तरीत असलेल्या माणसाची लघवी एकदा जरी लाल झाली आणि पुन्हा साफ झाली, तरी तपासणी टाळू नये. या आजारात रक्त येते, थांबते, आणि थांबले म्हणून माणूस निर्धास्त होतो. लघवीची तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास दुर्बिणीची तपासणी सरकारी रुग्णालयांतही होते. डॉक्टरांनी जुने काम विचारले नाही तर आपण होऊन सांगावे.

निवृत्तीनंतर ह्यूपर चौदा वर्षे जगले. १९७६ मध्ये त्यांनी आत्मचरित्र पुरे केले. नावात त्यांनी स्वतःला वैद्यकातली कसांड्रा म्हटले आहे. ग्रीक कथेतली ही राजकन्या होणारे सगळे आधी आणि खरे सांगायची, पण तिच्यावर कोणी विश्वास ठेवायचा नाही, असा तिला शाप होता. डीपवॉटरची ती भेट, मुकादमाचे ते बोलणे आणि रस्त्यावरची पांढरी पूड त्यांनी त्यात लिहून ठेवली आहे. २८ डिसेंबर १९७८ रोजी ते वारले. ते आत्मचरित्र छापले गेले नाही. त्याची टंकलिखित प्रत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डाच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयात आहे.